छप्पर दिसलं की वस्ती

लातूर-नांदेड गाडीचं छत अहमदपूर सोडल्यावर गळायला लागलं. आधी एक थेंब... मग दोन... मग खिडकीकडच्या रांगेवर अशी धार लागली, की बाहेर बांधावर उभ्या असलेल्या म्हशीचा हेवा वाटावा. सप्टेंबर सरत आला होता. पंधरा दिवस ऊन पडलं नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन पाण्यात उभं होतं. उभं कसलं, काळं पडून कुजत होतं, आणि त्याचा आंबूस वास बंद खिडक्यांतूनही आत येत होता.

अयोध्याने लॅपटॉपची बॅग पोटाशी धरली आणि तिच्यावर ओढणी पसरली. ओढणी अर्ध्या मिनिटात चिंब झाली. आता बॅग कुठे सरकवावी, असा विचार ती करत होती, तोच तिच्या डोक्यावर सावली आली. शेजारी बसलेल्या तरुणाने चालत्या गाडीत छत्री उघडली होती.

“ओ भाऊ, गाडीत छत्री काय उघडून राहिले?” कंडक्टर मागून ओरडला.

“पाऊस गाडीत पडून राहिला, मामा. आधी त्याचं तिकीट फाडा!”

सगळी गाडी हसली. अयोध्यालाही हसू आवरलं नाही.

“बॅगेत काय हाय?” त्याने विचारलं.

“लॅपटॉप.”

“मग छत्रीचे तीन भाग बॅगेला, एक मला.”

“आणि मला?”

“तुम्ही वाळून जाल. लॅपटॉप न्हाई वाळत.” असं म्हणत त्याने छत्री हळूच तिच्या बाजूला कलती केली. त्याचा डावा खांदा पार भिजला. तिने ते पाहिलं... तिने पाहिलं हे त्यानेही पाहिलं... आणि मग दोघंही समोरच्या सीटवर खरवडलेली नावं फार मन लावून वाचू लागले.

लोह्याच्या अलीकडे पुलावरून पाणी चाललं होतं. गाडी दीड तास थांबली.

“काय काम करता तुम्ही?” त्याने विचारलं.

“यंत्रांनी कोणत्या नियमाने वागावं, ते लिहिते.”

“यंत्रं वाचतात ते?”

“यंत्रं सोडा, ती बनवणारेसुद्धा वाचत नाहीत.”

तो मान मागे टाकून हसला. “मी बालवाडी चालवतो. चाळीस मास्तरणी अन् विद्यार्थी एकच.”

“एकच?”

“एकच. अन् तो बी लई ढ. एकच गोष्ट हजार-हजार वेळा सांगावी लागती.”

तिला तो विनोद वाटला. नांदेडच्या स्टँडवर उतरताना गर्दीत तो पुढे गेला, आणि नाव विचारायचं राहून गेलं. राहून गेलं याची चुटपुट तिला रिक्षात बसल्यावर लागली. एका छत्रीवाल्याच्या नावाची इतकी चुटपुट का लागावी, हे मात्र तिला कळलं नाही. न कळलेली गोष्ट तशीच सोडून देणं तिच्या स्वभावात नव्हतं. त्या रात्री ती बराच वेळ जागी राहिली.

अयोध्या जिनिव्हाच्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या धोरणांची विश्लेषक होती. म्हणजे नेमकं काय, हे तिने आईला चार वर्षांत सात वेळा समजावलं होतं. चांगुणाबाई सगळं ऐकून घ्यायच्या आणि शेजारणीला सांगायच्या, “आमची अयोध्या परदेशातल्या कंपूटरवर इन्स्पेक्टर हाय.” ते तसं फारसं चूकही नव्हतं.

या वेळचं काम तिच्या घराजवळचं होतं. एका खाजगी कंपनीने लातूर जिल्ह्यातल्या काही तालुक्यांत ड्रोनने शेतांचे फोटो काढून नकाशा केला होता. कोणतं शेत पिकाचं, कोणतं पडीक, कुठे पाणी आणि कुठे वस्ती, हे त्या नकाशावर यंत्राने ठरवलं होतं. ऑगस्टच्या अतिवृष्टीनंतर नुकसानभरपाईची यादी त्याच नकाशावरून निघाली आणि तीन हजार चारशे बारा शेतं तिच्यातून गळाली. प्रत्येकापुढे एकच कारण होतं — ‘शेती नाही, वस्ती आहे.’ त्यातल्या बहुतेक शेतांत घर नव्हतं. असं का झालं हे शोधायचं, आणि दुसऱ्या कुठल्या देशात पुन्हा होऊ नये म्हणून नियम सुचवायचे, हे अयोध्याकडे आलं होतं. यादी एकतीस डिसेंबरला कायमची बंद होणार होती.

यंत्र काही जन्मतः शहाणं नसतं. आधी माणसं बसून लाखभर फोटोंवर हे काय, ते काय असं लिहितात, आणि ते पाहून यंत्र शिकतं. ती माणसं बसत होती नांदेडला, विष्णुपुरीच्या रस्त्यावर, खताच्या एका दुकानावरच्या हॉलमध्ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी अयोध्या तो जिना चढली. बाहेर चाळीस जोड ओल्या चपला होत्या. आत चाळीस मुली पडद्यांसमोर बसून टकाटक बटणं दाबत होत्या. फळ्यापाशी उभा असलेला माणूस वळला, आणि मार्कर हातातच धरून हसला.

“या मॅडम. बालवाडीत स्वागत हाय.”

त्याचं नाव वीरभद्र. गाव भोकर तालुक्यातलं.

फळ्यावर निळ्या शाईत चार ओळी होत्या. शेवटची ओळ होती — ‘छप्पर दिसलं की वस्ती.’

“हे अक्षर कुणाचं?” तिने विचारलं.

“माझं. का? लई वाईट हाय का?”

अयोध्याने एक फोटो टेबलावर ठेवला. हिरवीगार ज्वारी, मधोमध तपकिरी त्रिकोण, भोवती माणसांचे ठिपके.

“हे काय आहे?”

“झोपडी,” तो क्षणात म्हणाला. “वस्ती.”

“ही कोप आहे. येळवसची कोप.”

“येळवस म्हणजे?”

ती थबकली. लातुरात हा प्रश्न लहान पोरानेही विचारला नसता. तिकडे वेळ अमावस्येला अख्खं शहर घरांना कुलपं लावून रानात जातं. कडब्याची कोप उभी करतात, आत पूजा मांडतात, बाहेर पंगती बसतात. तिने त्याला सगळं सांगितलं. पालेभाज्या-शेंगांच्या भज्जीचं सांगितलं, ज्वारीच्या आंबट आंबिलीचं सांगितलं. “आणि चार दिवसांनी तो कडबा काढून बैलांपुढे टाकतात. बैल ते घर खाऊन टाकतात, वीरभद्र.”

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

“आमच्या भोकरकडं ही येळवस न्हाई,” तो म्हणाला. “अन् ह्या चाळिसांत लातूरकडची एकबी पोरगी न्हाई...”

ड्रोन नेमका त्याच दिवशी उडाला होता. अयोध्याने यादीतून गळालेल्या शेतांचं सांगितलं.

“किती शेतं म्हणलात?”

तिने आकडा पुन्हा सांगितला. तो उठला, डस्टर घेतलं, फळ्यापाशी गेला.

“पुसू नका,” अयोध्या म्हणाली. “तो पुरावा आहे.”

तो डस्टर घेऊन तसाच उभा राहिला. त्याच्या पाठीकडे पाहताना तिला वाटलं, या माणसाला काही तरी चांगलं बोलावं. पण चौकशीच्या कागदांत त्यासाठी जागा नव्हती.

खरं तर त्याला शंका आलीच नव्हती, असं नाही. ते तिला दुसऱ्या भेटीत कळलं. फोटो आले तेव्हा त्याने कंपनीला मेसेज केला होता — दर तिसऱ्या शेतात एकसारखी झोपडी आहे, सगळे फोटो एकाच दिवसाचे आहेत, ही घरंच आहेत का? चार मिनिटांत उत्तर आलं होतं. छप्पर दिसलं की वस्ती, वेळ घालवू नका. तेच त्याने फळ्यावर उतरवलं होतं.

तो मेसेज त्याच्या फोनमध्ये अजून होता. पण कामाचं काहीही बाहेर सांगणार नाही, असा करार त्याने सही करून दिला होता. मेसेज दाखवला तर नोकरी जाणार. नाही दाखवला तर कंपनीचं म्हणणं उरणार, की नांदेडच्या मुलींनी हलगर्जी केली, चूक मर्यादेतली आहे, फेरतपासणीची गरज नाही. मेसेज अहवालात आला तर चूक हुकमातच होती हे सिद्ध होणार होतं, आणि मग वगळलेल्या एकूण एक शेतावर माणूस पाठवावा लागणार होता.

साक्षीदारावर दबाव आणायचा नाही, हा अयोध्याच्या संस्थेचा नियम. ती नियम पाळणारी होती. म्हणून दर गुरुवारी ती लातूरहून यायची, मुलींशी बोलायची, कागद तपासायची, आणि मेसेज सोडून बाकी सगळ्या विषयांवर वीरभद्रशी गप्पा मारायची. एवढे विषय जगात आहेत, हे तिला आधी ठाऊक नव्हतं.

“गुरुवारचीच गाडी का धरता?” एकदा त्याने विचारलं.

“गुरुवारी गर्दी कमी असते.”

“गुरुवारी लोह्याचा बाजार नसंल, पण गर्दी तेवढीच असती. मी मोजून ठेवलंय.”

“तुम्ही माझ्या गाडीतली माणसं मोजता?”

“न्हाई... उतरणारी मोजतो. एक उतरलं की बंद करतो.”

ती चहा पिता पिता लाल झाली, आणि चहा गरम आहे असं उगाचच म्हणाली.

ऑक्टोबरच्या मध्यावर तो तिला धरण दाखवायला घेऊन गेला. आभाळ खाली आलं होतं. गोदावरी गढूळ, रुंद, कुणाशीच न बोलणाऱ्या माणसासारखी वाहत होती. भुरभुर पाऊस होता, छत्री एकच होती, आणि दोघांमध्ये एक वीत अंतर ठेवण्याची दोघांचीही धडपड चालली होती. पाऊस मात्र दोघांनाही भिजवत होता.

“एक खेळ खेळू,” तो म्हणाला. “आमच्या पोरी खेळतात. समोर जे दिसंल त्याला नाव द्यायचं. चारच नावं — पीक, पडीक, पाणी, वस्ती. विचार करायचा न्हाई.”

“नदी?”

“पाणी. सोपं हाय.”

“तो बगळा?”

“वस्ती. पाण्यात उभा हाय, पण घर करून.”

“माझी संस्था?”

“पडीक!” तो म्हणाला, आणि तिने त्याच्या हातावर चापटी मारली. मारल्यावर हात काढून घ्यायला तिला जरा उशीर झाला.

“आणि मी?” तिने विचारलं. अगदी सहज विचारायचं असं ठरवून.

पावसाचा आवाज छत्रीवर मोठा झाला.

“ह्या चारांत न्हाई बसत,” शेवटी तो म्हणाला. “मी कंपनीला तवाच लिहिलं होतं... पाचवं नाव ठिवा. ‘कळत न्हाई’ असं. न्हाई ठिवलं त्यांनी.”

“मला ‘कळत नाही’ मध्ये टाकणार?”

“टाकणार न्हाई. तिथं ठिवणार. पुन्हा पुन्हा बघता येतं मग.”

परतीच्या गाडीत अयोध्याने टिपणवही उघडली. शास्त्र शिकलेल्या माणसाला वाटतं, गोष्ट लिहून काढली की ती स्वच्छ दिसते. तिने तारीख लिहिली, वेळ लिहिली, धरणाच्या भिंतीवरचा वारा लिहिला. पुढचं वाक्य अहमदपूरपर्यंत सुचलं नाही. वही तशीच मिटली.

नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी तो स्वतःच म्हणाला, “रेकॉर्डर काढा.”

“मी काही म्हटलं नाही हं, वीरभद्र.”

“म्हणला न्हाईत, म्हणूनच. पाच हप्ते झाले, एकदाबी विचारलं न्हाई तुम्ही. मला रोज वाटायचं, आज विचारतील. विचारलं असतं तर न्हाई म्हणलो असतो.” त्याने फोन टेबलावर ठेवला. “त्या पोरींचं नाव कुठं येऊ देऊ नका. फळा माझा हाय.”

दोन तास तो बोलला. शेवटी तिने रेकॉर्डर बंद केला तेव्हा त्याचे हात थंड पडले होते. तिने ते हातात घेतले, अर्ध्या मिनिटासाठी. बाहेर मुलींची बटणं टकाटक वाजत होती.

येळवसच्या आदल्या संध्याकाळी जिनिव्हाहून इंग्रिडचा फोन आला. इंग्रिड अयोध्याची वरिष्ठ. कोरडी, पण मनाने सरळ बाई. अहवाल उत्तम झाला आहे, ती म्हणाली. नांदेडच्या त्या साक्षीवर सगळा उभा आहे. आता फक्त नेहमीचं हितसंबंधांचं घोषणापत्र भरून पाठव.

अयोध्याने ते असं दहा वेळा भरलं होतं. तिने ते यांत्रिकपणे उघडलं. ‘या साक्षीदाराशी आपले वैयक्तिक संबंध होते का, आहेत का, किंवा पुढे होण्याची अपेक्षा आहे का?’

पहिल्याचं उत्तर तिला ठाऊक होतं. दुसऱ्याचंही, ओढूनताणून. तिसऱ्यापाशी तिचं बोट थांबलं.

“इंग्रिड,” तिने विचारलं, “कुणी ‘हो’ लिहिलं तर?”

“तर ती साक्ष बाजूला ठेवावी लागते. दुसरा विश्लेषक येऊन नव्याने घेतो. आत्ता नेमला तरी मार्च उजाडेल.” मग इंग्रिडने हलक्या आवाजात विचारलं, “अयोध्या, मी काही विचारायला हवं का?”

“नाही,” अयोध्या म्हणाली. “उद्या पाठवते.”

तिने वीरभद्रला येळवसला बोलावलं होतं. जे आपण कधी पाहिलं नाही त्याला आपण नाव दिलं, ते एकदा डोळ्यांनी बघायचंय, असं तोच म्हणाला होता. पहाटेच्या गाडीने तो निलंग्याला आला आणि तिथून तिच्या गावच्या शिवारात. डिसेंबर असूनही आभाळ मळकट होतं. थंड वारा ज्वारीतून वाहत होता.

कोपेसमोर तो बराच वेळ उभा राहिला. मग वाकून आत डोकावला. कडब्याचा वास, मातीची बोळकी, पणतीचा लहानसा उजेड.

“एवढीशी?” तो म्हणाला. “वरून लई मोठी दिसती.”

अयोध्याच्या घरच्यांची कोप आंब्याखाली होती. गेल्या वर्षीही तिथेच होती. ड्रोनला दिसलीच नाही, आणि त्यांचं रान यादीत राहिलं. घरचं हित गुंतलेलं नव्हतं, म्हणून तर अयोध्याला हे काम करता आलं. शेजारच्या नागम्माचं रान उघडं. तिची कोप मधोमध.

चांगुणाबाईंनी पाहुण्याच्या ताटात भज्जी वाढली. “खा बाबा. लाजू नको. आमच्या अयोध्येच्या हाफिसातला का तू?”

“त्यांच्याच कामातला हाय, मावशी.”

“लग्न झालंय?”

“आई!” अयोध्या म्हणाली.

“इच्यारलं निस्तं. कंपूटर न्हाई सांगत हे, इच्यारावं लागतंय.”

वीरभद्र हसला. तिने त्याचं असं मोकळं हसणं त्या दिवशी शेवटचं ऐकलं, पण हे तेव्हा तिला माहीत नव्हतं.

तेवढ्यात बांधावरून नागम्मा आली, पदराखाली बाजरीचे उकडलेले उंडे झाकून. सत्तरीची, काटक, जिभेची तिखट. तिने आल्या आल्या वीरभद्रच्या ताटात दोन उंडे टाकले.

“खा. माझ्या घरातलं हाय. रान न्हाई बरं ते आता, घर हाय. सरकारच्या कंपूटरला माझं रान घर दिसलं. म्या म्हणलं, बरं झालं, मग घरकुल तरी द्या! तेबी देईनात.”

सगळे हसले. वीरभद्रचा घास हातातच राहिला.

“आजी,” तो म्हणाला, “ते मीच लिहिलं होतं.”

“काय लिव्हलं?”

“तुमच्या रानाला घर. मला ठाव नव्हतं... कोप काय असती ते.”

हसणं थांबलं. नागम्माने त्याच्याकडे नीट पाहिलं. रागावली नाही, रागावली असती तर बरं झालं असतं.

“मग पुसून टाक की,” ती म्हणाली. “लेकरा, त्यात काय एवढं!” आणि तिने त्याच्या ताटात आणखी थोडी भज्जी वाढली.

दुपारी माणसं बांधावर पेंगली, तेव्हा दोघं कोपेच्या मागच्या बाजूला बसले. वारा कडब्यात सळसळत होता.

“अयोध्या,” तो म्हणाला. मॅडम गळून पडलं होतं. “एक बोलू? मी दोन म्हैने झाले पाठ करून राहिलो, तरी नीट न्हाई येत.”

“मग चुकीचं बोला.”

“मला... गुरुवार सोडून बाकीचे सहा दिवस करमत न्हाई.” त्याने कडब्याचं एक पान तोडलं, त्याची घडी घातली, पुन्हा उलगडली. “झालं. एवढंच हाय.”

तिला हसायचं होतं. डोळे मात्र भरून आले. “मला गुरुवारीही करमत नाही,” ती म्हणाली. “संध्याकाळची गाडी दिसायला लागते ना... तेव्हापासून.”

तो हसत तिच्याकडे वळला, आणि तिचा चेहरा पाहून थांबला. “काय झालं?”

तिने फोन पुढे केला. त्याने प्रश्न वाचला. एकदा. मग पुन्हा, ओठ हलवत. तिने साक्षीचं सांगितलं, मार्चचं सांगितलं.

“यादी एकतीसला बंद?”

“एकतीसला.”

बांधापलीकडे नागम्मा नातवंडांना ओरडत होती.

“मी ‘नाही’ लिहू शकते,” शेवटी ती म्हणाली. “कुणाला कळणार आहे?”

“तुला जमंल?”

आकड्याचा एक दशांश चुकला तरी झोप न येणारी मुलगी ती. “नाही,” ती म्हणाली. “आणि तू तुझी नोकरी पणाला लावून जे खरं बोललास, त्यावर माझ्या खोट्या सहीचा कागद... उद्या कंपनीने उकरून काढलं, तर सगळंच जाईल. तुझं बोलणंसुद्धा.”

“मग खोटं लिहायचं न्हाई.” त्याचा आवाज खाली गेला. “खरंच ‘न्हाई’ लिहायचं.”

“म्हणजे?”

“अपेक्षा सोडायची. मंग खोटं कुठं ऱ्हातं?”

“किती दिवस?”

“कंपनीवाले अपील करणार. दोन साल, तीन साल... मोजलं तर ती बी अपेक्षाच झाली ना?” तो हसण्याचा प्रयत्न करत होता. “तूच शिकवलं. नियम पुरा वाचायचा.”

“असं सोडता येतं, वीरभद्र? बटण आहे का ते?”

“न्हाई येत. पण त्या म्हातारीनं मला पुसून टाक म्हणलं. अन् तिला वाटतं, मला ते येतं.”

अयोध्याने गुडघ्यांत मान घातली. त्याने तिच्या केसांत अडकलेली कडब्याची काडी काढली. काढून झाल्यावर हात क्षणभर तिथेच राहिला, आणि मग उचलला गेला.

“विचार मला,” तो म्हणाला. “कागदावर हाय तसं. साक्षीदाराला बी विचारावं लागत असंल.”

विचारावं लागत होतं. तिने डोळे पुसले, फोन घेतला, आणि दोन महिने ज्या आवाजात ती त्याच्याशी बोलली नव्हती त्या आवाजात वाचलं. “पुढे होण्याची अपेक्षा आहे का?”

“न्हाई.”

तिने ते लिहिलं. मग आपल्या नावापुढेही लिहिलं. मग पाठवायचं बटण दाबलं.

तो उठला, पायजमा झटकला. चांगुणाबाईंना वाकून नमस्कार केला. नागम्मालाही. चारची गाडी होती. अयोध्या फाट्यापर्यंत सोडायला निघाली, तसं त्याने हाताने थांबवलं.

“इथपर्यंतच या, मॅडम,” तो म्हणाला. “इथून पुढं रस्ता माहीत हाय मला.”

ती बांधावर उभी राहिली. तो ज्वारीच्या कडेकडेने जात लहान होत गेला. वळून पाहिलं नाही. त्याने वळून पाहू नये असं तिला मनापासून वाटत होतं, आणि पाहिलं नाही याचं इतकं दुःख झालं, की ती तिथेच खाली बसली.

“गेला का गं?” मागून आईने विचारलं. “चांगला हाय पोरगा. पुन्हा कधी येणार हाय?”

“काम संपलं त्याचं,” अयोध्या म्हणाली.

अहवाल एकतीसच्या आत पोचला, म्हणून त्या शेतांची फेरतपासणी मंजूर झाली. जानेवारीत शिवारांत माणसं फिरली. तीन हजार चारशे बारांपैकी तीन हजार दोनशे नव्वद शेतं यादीत परत आली. चांगुणाबाईंनी फोनवर सांगितलं, नागम्माने अख्ख्या गल्लीत पेढे वाटले, आणि त्या पोराला द्यायला म्हणून दोन झाकून ठेवले. ते शेवटी मुंग्यांनी खाल्ले. वीरभद्रची नोकरी गेली. मुलींचं काम टिकलं. हे अयोध्याला कंपनीने दाखल केलेल्या कागदांतून कळलं, कुणाच्या बोलण्यातून नाही. तिने त्याचा नंबर फोनमधून काढून टाकला होता. तो पाठ होता, त्याला तिच्याकडे इलाज नव्हता.

एप्रिलमध्ये कंपनीने केलेल्या अपिलाची सुनावणी झाली. जिनिव्हात बारीक पाऊस होता. पडद्यावर अपील समितीच्या एक वयस्क बाई होत्या, समोर कागदांचा गठ्ठा. कंपनीचा मुद्दा एकच होता, की विश्लेषक आणि साक्षीदार यांचं संगनमत आहे.

“डिसेंबरनंतर साक्षीदाराशी आपला काही संपर्क?” बाईंनी विचारलं. “फोन, पत्र, निरोप?”

“एकदाही नाही.”

ते अक्षरशः खरं होतं. इतकं खरं वाक्य तिने आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं.

“ठीक आहे.” बाईंनी नोंद केली. “साक्षीदार सकाळी भोकरहून जोडले गेले होते, त्यांनाही हाच प्रश्न विचारला. त्यांनीही हेच सांगितलं. त्यामुळे हा आक्षेप निकालात काढायला समितीला अडचण दिसत नाही.” त्यांनी कागद उलटला आणि सहज म्हणाल्या, “फक्त उत्तर द्यायला त्यांना बराच वेळ लागला. आम्हाला वाटलं, लाईन गेली.”

“किती वेळ?” तिने विचारलं.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. तो प्रश्न विचारण्याचा तिला अधिकार नव्हता. तरी त्यांनी नोंद काढून पाहिली.

“बेचाळीस सेकंद.”

खिडकीवर पाऊस वाजत होता. पडद्याच्या कोपऱ्यातले सेकंदांचे आकडे एकेक करून पुढे सरकत होते. बेचाळीस सेकंदांत माणूस काय काय म्हणू शकतो, ते अयोध्या एकेक ऐकत राहिली.

“हॅलो?” बाई जरा पुढे झुकल्या. “तुम्हाला ऐकू येतंय ना?”

“हो,” ती म्हणाली. “ऐकू आलं.”